वाळलेला व्हीसीआर पुन्हा चालू कसा होतो

लाइट गेली आणि दोन तासांनी आली. फ्रिज घरघरला, पंखे फिरायला लागले, टीव्हीचा लाल दिवा लागला. व्हीसीआर मात्र उठलाच नाही. काल रात्रीपर्यंत चांगला चालत होता. पडला नाही, कुणी हात लावला नाही, मग झालं काय?

लोडशेडिंगचे दिवस काढलेल्या खानदेशातल्या माणसाला हा प्रसंग नवा नाही. जळगावात मी टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीच्या टेबलावर बसायला लागलो १९९१ साली. तेव्हापासून "लाइट गेली तेव्हापासून बंद आहे" हे वाक्य ऐकत आलोय. लोकांना वाटतं, लाइट येताना झटका आला आणि मशीन जळालं. कधीकधी तसं होतंही. पण बहुतेक वेळा जळालेलं काहीच नसतं. आतला शेंगदाण्याएवढा एक कंडेन्सर वाळलेला असतो. तो दोन-पाच रुपयांना मिळतो.

वाळणं हा शब्द लक्षात ठेवा. तीस-पस्तीस वर्षांच्या व्हीसीआरमध्ये तीन गोष्टी वाळतात: कंडेन्सरमधलं द्रव, रबर आणि ग्रीस. मशीन "गेलं" असं आपण म्हणतो तेव्हा यांपैकी एक, दोन किंवा तिन्ही वाळलेल्या असतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे वाळणं आणखी लवकर होतं.

मागच्या उन्हाळ्यात अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक ताई आल्या. गोणपाटात गुंडाळलेला व्हीसीआर होता आणि कापडी पिशवीत १९९३ सालच्या लग्नाची कॅसेट. म्हणाल्या, "भाऊ, हाई चालू व्हई का?" त्यांची आई वारली होती. लग्नात हळदीच्या रात्री आईने गाणी म्हटली होती आणि शूटिंगवाल्याने ती घेतली होती. आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. घरात टेपरेकॉर्डर नव्हता आणि मोबाइल तर तेव्हा नव्हतेच.

अशा कॅसेटी आपल्या भागात घरोघरी पडून आहेत. कपाटाच्या वरच्या फळीवर, माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे. त्यात नुसती लग्नं नाहीत. अंगणात बसून बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची तीस वर्षांपूर्वीची अहिराणी त्यात आहे, जी आज त्यांच्या नातवंडांच्या तोंडी तशी राहिलेली नाही. म्हणून मला ही मशीनं दुरुस्त करणं महत्त्वाचं वाटतं. जुन्या वस्तूंची हौस हा वेगळा विषय आहे. कॅसेट वाचायची तर मशीन लागतं आणि नवं मशीन आता बनत नाही. या कॅसेटींची व्हीएचएस पद्धत जेव्हीसी कंपनीने १९७६ साली जपानात आणली. आपल्याकडे १९८२च्या दिल्लीतल्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आणि त्यामागून व्हीसीआर पसरला. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे जे आहेत ते जुनेच, आणि तेच सांभाळायचे.

कंडेन्सर म्हणजे गच्चीवरची टाकी

पुस्तकात कपॅसिटर म्हणतात, बाजारात आणि आमच्या टेबलावर कंडेन्सर. त्याचं काम समजायला आपल्या गच्चीवरच्या टाकीकडे बघा. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा जोरात येतं, मग एकदोन दिवस काहीच नाही. तरी घरातल्या नळातून रोज सारखी धार पडते, कारण मध्ये टाकी आहे. येईल तेव्हा भरून घ्यायचं आणि लागेल तसं सोडायचं.

विजेचंही असंच. भिंतीतल्या सॉकेटमधली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. डायोडने ती एका दिशेला वळवली की सेकंदाला १०० उसळ्या येतात. उसळी, खड्डा, उसळी, खड्डा. मशीनमधल्या आयसीला, म्हणजे चिपला, आणि मोटारीला हे चालत नाही, त्यांना सपाट व्होल्टेज लागतं. उसळी आली की कंडेन्सर भरतो आणि खड्ड्यात तो रिकामा होत पुरवठा करतो.

टाकी दोन प्रकारे बिघडते. एकतर तळाला गाळ बसून तिची साठवण कमी होते. नाहीतर पाणी भरपूर असतं, पण बाहेर पडणाऱ्या पाइपात क्षार बसलेला असतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हे सांगायला नको. टाकी भरलेली आणि नळाला करंगळीएवढी धार. कंडेन्सरमध्ये या दुसऱ्या दोषाला ईएसआर म्हणतात, म्हणजे कंडेन्सरचा आतला अडथळा. साधा मीटर लावून साठवण मोजली तर ती बरोबर भरते, आणि माणूस "कंडेन्सर चांगला आहे" म्हणून पुढे जातो. अडथळा मोजायला वेगळा ईएसआर मीटर लागतो. माझ्या मते हे काम मनापासून करायचं असेल त्याने सगळ्यात आधी ही वस्तू घ्यावी. ती नव्हती तेव्हा मी कित्येक तास वाया घालवले आहेत.

आता आत काय वाळतं ते पाहू. कंडेन्सरचा ॲल्युमिनियमचा डबा उघडला तर आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी दिसते. दोन पत्र्यांमध्ये कागद असतो आणि तो कागद एका द्रवाने ओला केलेला असतो. पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तो वीज अडवतो. द्रव आहे तोवर सगळं ठीक. डब्याच्या बुडाशी रबराचं बूच असतं. त्या बुचातून वर्षानुवर्षं द्रवाची वाफ थोडी थोडी निघून जाते. द्रव कमी झालं की साठवण घटते आणि अडथळा वाढतो.

उष्णतेचा हिशोब इथे येतो. ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी कमी असेल तर कंडेन्सरचं आयुष्य दुप्पट, १० अंशांनी जास्त असेल तर निम्मं. कंडेन्सरच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश असं छापलेलं असतं. समजा ८५ अंशाला २००० तास टिकेल असा तो आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५ अंश. बंद डब्यात, सप्लायच्या, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणाऱ्या भागाच्या, गरम जागेशेजारी त्यात आणखी २० मिळवा. ६५ अंश झाले. म्हणजे ८५ पेक्षा २० कमी, म्हणून आयुष्य चौपट, ८००० तास. मशीन स्टँडबायला, म्हणजे बटण बंद पण पिन लावलेली, असं ठेवलं तर दिवसाचे २४ तास मोजले जातात. ८००० तास म्हणजे अकरा महिनेसुद्धा नाहीत. तेवढ्यात तो मरतो असं नाही. बारा महिने मे नसतो, आणि छापलेले तास संपले म्हणजे फक्त त्याचे गुण ठरलेल्या मर्यादेखाली जायला लागतात. आता तिथेच १०५ अंशाचा, २००० तासांचा कंडेन्सर बसवला तर तोच हिशोब ३२,००० तासांवर जातो, साडेतीन वर्षांहून जास्त. म्हणून बदलताना मी १०५ अंशाचाच घालतो. किमतीत रुपया-दोन रुपयांचा फरक असतो.

आता लाइट गेल्यावर व्हीसीआर का उठला नाही ते सांगतो. सप्लायला सुरू होताना पहिला धक्का लागतो. आपल्या जुन्या डिझेल इंजिनाला हॅन्डल मारून सुरू करायचे तसा. एकदा सुरू झालं की इंजिन आपलं आपण चालतं, मग हॅन्डलची गरज नाही. सप्लायमध्ये हा धक्का द्यायचं काम एका छोट्या कंडेन्सरकडे असतं आणि तो नेमका सगळ्यात गरम जागी बसवलेला असतो. तो वर्षानुवर्षं वाळत राहतो, पण कुणाला कळत नाही, कारण मशीन स्टँडबायला सुरूच असतं आणि हॅन्डल मारायची वेळच येत नाही. लाइट जाते, येते, सप्लाय पहिल्यापासून सुरू व्हायला बघतो आणि धक्का मिळत नाही. दोष दोन तासांत आलेला नसतो. दहा वर्षांपासून येत असतो, त्या दिवशी फक्त दिसतो.

याचीच एक खूण आहे. उरलंसुरलं द्रव गरम झालं की आतला अडथळा थोडा कमी होतो. म्हणून असं मशीन मे महिन्यात सुरू होतं आणि डिसेंबरातल्या सकाळी होत नाही. गिऱ्हाइकाने असं काही सांगितलं की मी स्क्रू काढायच्या आधीच कुठे बघायचं ते ठरवलेलं असतं.

हात घालण्यापूर्वी

एक गोष्ट आधी सांगतो आणि ती कळकळीने सांगतो. सप्लायच्या पहिल्या भागात २३० व्होल्टची एसी सपाट होऊन सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होते आणि मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये साठते. पिन काढली तरी ती तिथे राहू शकते. विशेषतः बंद पडलेल्या सप्लायमध्ये, कारण ती वापरून टाकणारं कुणी नसतं. मीटर लावून शून्य दिसल्याशिवाय तिथे बोट नेऊ नका. पेचकसाने ठिणगी पाडून रिकामा करणारे पुष्कळ आहेत. मी करत नाही. जास्त वॅटचा रेझिस्टन्स सुरक्षित पकडीने लावतो आणि काही सेकंद थांबून परत मीटर बघतो. ज्यांनी आधी विजेचं काम केलेलं नाही त्यांनी हा भाग जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावा.

बरीच वर्षं पडून असलेलं मशीन थेट सॉकेटला लावायचं नाही. वीज मिळाली नाही की कंडेन्सरमधला ऑक्साइडचा थरही कमकुवत होतो. मी १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावतो, म्हणजे मशीनला जाणारी वीज आधी त्या बल्बमधून जाते. एलईडी बल्ब या कामाचा नाही, तार तापणारा जुनाच बल्ब हवा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. त्या बल्बने पुढचं नुकसान अडवलेलं असतं.

मग कंडेन्सर बदलायचे कोणते? हल्ली बघतो, लोक मशीन उघडतात आणि सगळेच्या सगळे, शंभरेक कंडेन्सर बदलायला बसतात. माझा त्याला विरोध आहे. जुन्या प्लेटचे, म्हणजे सर्किट बोर्डाचे, ट्रॅक (त्यावरच्या तांब्याच्या रेघा) नाजूक झालेले असतात. शंभर वेळा डाग दिला की दोनचार ट्रॅक उचकटणारच, आणि मग मूळ दोष कोणता आणि आपण केलेला कोणता हे कळत नाही. सप्लायमधले सगळे बदला, ते बरोबर आहे, तिथेच उष्णता असते. बाकीच्या प्लेटवर मोजा, आणि जो वाईट निघेल तोच काढा. साठवण तीच, व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, १०५ अंश, आणि सप्लायच्या बाहेरच्या बाजूला कमी ईएसआरचा. अंगावरचा पट्टा वजा बाजू दाखवतो. उलटा लावला तर फुटतो. गोलाणी मार्केटात मिळतात. न मिळाले तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून मागवावे लागतात, पण अगदी स्वस्त दिसणारे बिननावाचे घेऊ नका.

एक अपवाद आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला छोट्या कॅमेऱ्यांत आणि काही मशीनांत प्लेटला चिकटून बसणारे बुटके कंडेन्सर आले. त्यातल्या काहींमधलं द्रव रबराचं बूचच खराब करतं आणि बाहेर झिरपतं. ते ट्रॅकचं तांबं खातं. सोल्डरिंग आयर्न लावलं की सुक्या मासळीसारखा वास येतो, आणि तो वास आला की मी मोजत बसत नाही. तिथले सगळे काढायचे, प्लेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुवायची आणि एकेक ट्रॅक मीटरने तपासायचा.

टेप कशी फिरते

सप्लाय ठीक झाला, डिस्प्ले लागला, की माणसाला कॅसेट घालायची घाई होते. मीही एकदा केली होती. दुकान लावून दोनेक वर्षं झाली असतील. एका घरातल्या बारशाची कॅसेट होती. सप्लाय दुरुस्त झाल्याच्या आनंदात मी तीच घातली. मशीनने टेप बाहेर ओढली आणि गुंडाळलीच नाही. दीड-दोन हात टेप आत चुरगाळली. ती मिनिटं परत आली नाहीत, आणि त्या घरातल्या आजींचा चेहरा मला आजही आठवतो. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक फालतू कॅसेट कायम असते. मशीन त्या कॅसेटवर तासभर नीट चालल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या कॅसेटला हात लावत नाही.

टेप का चुरगाळते ते कळायला आतलं काम बघावं लागेल. ऑडिओ कॅसेटमध्ये हेड, म्हणजे टेप लिहिणारा-वाचणारा भाग, जागेवर आणि टेप त्याच्यासमोरून सरकते. चित्रात माहिती फार जास्त असते. त्या पद्धतीने चित्र लिहायचं तर टेप सेकंदाला काही मीटर पळवावी लागेल आणि एका सिनेमाला बैलगाडीभर टेप लागेल. यावर काढलेली युक्ती मला आजही सुंदर वाटते: टेप हळू चालवायची आणि हेडच फिरवायचं. ६२ मिलिमीटर व्यासाचा चकचकीत ड्रम, थोडा तिरका बसवलेला. त्याच्या कडेला समोरासमोर दोन हेड. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत तो सेकंदाला २५ फेऱ्या मारतो. टेप सरकते सेकंदाला फक्त २.३ सेंटीमीटर, पण ड्रम फिरत असल्यामुळे हेड आणि टेप एकमेकांना सेकंदाला जवळजवळ पाच मीटर वेगाने घासतात. अर्ध्या इंचाच्या टेपवर तिरक्या रेघा उमटतात. प्रत्येक रेघ म्हणजे अर्धं चित्र, आणि प्रत्येक रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी.

हेडने नेमकं त्याच रेघेवरून जावं म्हणून टेपच्या खालच्या कडेला खुणा असतात, शेतात सरी पाडताना दोरी धरतात तशा. मशीन त्या खुणा वाचून वेग सांभाळतं. आपण ट्रॅकिंगचं बटण फिरवतो तेव्हा हेड आणि रेघ यांची गाठ बसवत असतो.

एवढं नाजूक काम चालतं कशावर? एका धातूच्या बारीक दांड्यावर आणि त्याला दाबणाऱ्या रबराच्या रोलरवर. दांडा म्हणजे कॅप्स्टन, रोलर म्हणजे पिंच रोलर. दोघांमध्ये दाबून टेप पुढे सरकते. दुसरीकडे एक रबरी टायर असलेलं चाक कॅसेटमधलं चक्र फिरवून आलेली टेप गुंडाळतं. त्याला आयडलर म्हणतात. दोन्हीकडे रबरच आहे, आणि दुसरं वाळणं इथेच.

नवा पिंच रोलर हाताला थोडा खरखरीत आणि मऊ लागतो. नखाने दाबला की दबतो आणि परत येतो. वाळलेला रोलर काळा-चकचकीत, काचेसारखा गुळगुळीत, नख दाबलं तर टक् असा लागतो. तो टेप सारखी ओढत नाही. आवाज लांबतो, आखडतो, गाणारी बाई पाण्याखालून गातेय असं वाटतं. टेपची कड दुमडायला लागते, आणि कडांनाच महत्त्वाच्या गोष्टी असतात, वरच्या कडेला आवाज आणि खालच्या कडेला खुणा. आयडलरचा टायर कडक झाला तर टेप पुढे येते पण गुंडाळली जात नाही, आतच साचते. चक्र फिरतंय की नाही हे बघायला सेन्सर असतो. तीन-चार सेकंद फिरण्याची खूण आली नाही की मशीन आपोआप थांबतं. तेव्हा "लावलं की चालतं, थोड्या वेळात बंद पडतं" असं कुणी सांगितलं तर सप्लाय उघडू नका. आधी हा टायर बघा. आणि थांबल्यावर घाईने कॅसेट बाहेर ओढू नका, टेपचा लूप आत अडकलेला असू शकतो. बारशाच्या कॅसेटचं असंच झालं होतं.

रोलर आणि टायर नवे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर बारीक पॉलिश पेपरने वरचा चकचकीत थर अलगद काढला आणि अल्कोहोलने पुसला की काही काळ पकड येते. काही काळच, हे लक्षात ठेवा. पण एक कॅसेट वाचवायला तेवढा काळ पुरतो. टायरसाठी मी ठिबकच्या सामानाच्या दुकानातून ओ-रिंग आणतो. कॅलिपरने व्यास मोजून दोन-तीन मापं घ्यायची, एखादी बरोबर बसते. रबरी पट्ट्यांचं मात्र काही वाचत नाही. ते एकतर ढिले होतात, नाहीतर वितळून डांबरासारखे पुलीला चिकटतात. ते खरवडून काढायचं, पुली पुसून कोरडी करायची आणि नवा पट्टा घालायचा.

तिसरं वाळणं ग्रीसचं. कॅसेट आत घेणं, टेप बाहेर ओढून ड्रमभोवती गुंडाळणं, परत आत ठेवणं, हे सगळं एक छोटी मोटर दातेरी चाकांनी आणि सरकणाऱ्या पट्ट्यांनी करते. कारखान्यात लावलेलं पांढरं ग्रीस तीस वर्षांत मेणासारखं घट्ट होतं. मोटर जोर लावते आणि प्लास्टिकचा एखादा दाता तुटतो, नाहीतर मोटरच्या दांड्यावरची प्लास्टिकची टोपी तडकते. मशीन आता कुठल्या अवस्थेत आहे, कॅसेट बाहेर आहे की टेप गुंडाळलेली आहे, हे मेंदूला सांगायला मोड स्विच असतो. बोटाच्या पेराएवढी गोल डबी. उघडली तर आत तांब्याच्या अर्धगोल पट्ट्या आणि त्यांवर घासणारी तीन-चार बारीक बोटं. पट्ट्यांवर काळा थर आला की मशीन गोंधळतं. कॅसेट घेतं आणि लगेच बाहेर टाकतं, किंवा अर्ध्यातच थबकतं. लोक आयसी बदलतात, मदरबोर्ड बदलतात, आणि दोष असतो या काळ्या थरात. अल्कोहोलने पुसा, बोटं किंचित वर उचला आणि बंद करा. फक्त काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. चाकांवर आणि डबीवर बारीक भोकं किंवा बाण असतात, ते समोरासमोर यायलाच हवेत. एक दाता इकडेतिकडे झाला तर मशीन स्वतःलाच मोडतं.

जुनं ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय नवं लावू नका. प्लास्टिकला चालणारं ग्रीस घ्या आणि काडीच्या टोकावर मावेल तेवढंच लावा. गंज काढायचा स्प्रे आत मारू नका. तो उडून रबरावर बसतो आणि आदल्या दिवशीची सगळी मेहनत वाया जाते.

झाकण उघडं ठेवून चालवून बघताना एक अडचण येते आणि नवशिका हमखास फसतो. कॅसेटच्या दोन्ही टोकांना टेप पारदर्शक असते. मधोमध एक दिवा आणि दोन्ही बाजूंना प्रकाश ओळखणारे सेन्सर असतात. पारदर्शक भाग आला, उजेड पोचला, की मशीन समजतं टेप संपली. खिडकीतलं ऊन वरून आत पडलं तरी त्याला तेच वाटतं आणि ते चालायलाच तयार होत नाही. वरून काळं कापड टाका. माझ्या एका शिकाऊ पोराने या भानगडीत अख्खी दुपार घालवली होती.

पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत असतील आणि आवाज मात्र येत असेल, तर हेड घाण झालेलं आहे. कापसाची काडी वापरू नका. तिचा धागा हेडच्या टोकाला अडकतो आणि ते टोक काचेसारखं ठिसूळ असतं. पांढऱ्या स्वच्छ कागदाची पट्टी अल्कोहोलने ओली करा, ड्रमला सपाट टेकवून स्थिर धरा, आणि दुसऱ्या हाताने ड्रमचा वरचा भाग सावकाश फिरवा. कागद वर-खाली हलवायचा नाही, तेवढ्याने हेड तुटतं. चारपाच फेऱ्या झाल्या की कागदावर तपकिरी रेघ उमटते.

कॅसेटही बघा

पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या कॅसेटला बुरशी येते. खिडकीतून टेपची गुंडाळी बघा. कडेला पांढरी पिठी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट आधी कोरड्या जागी ठेवून वाळू द्यायची. या सगळ्या प्रकारात वाळणं चांगलं असं हे एकच ठिकाण. मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, टेप हळूहळू फिरवत कोरड्या मऊ कापडाने पुसायची. डबी फुटली असेल तर खालचे पाच स्क्रू काढून चक्रं दुसऱ्या चांगल्या डबीत घालता येतात. टेप तुटली असेल तर साधी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक हेडवर येतो.

अमळनेरच्या ताईंच्या मशीनमध्ये तिन्ही वाळणी होती. सप्लायचे नऊ कंडेन्सर बदलले. आयडलरला ओ-रिंग बसवली, पिंच रोलर दुसऱ्या भंगार मशीनमधून काढून लावला, मोड स्विच पुसला. फालतू कॅसेट दोन दिवस चालवली. तिसऱ्या दिवशी त्यांना बोलावलं. त्यांच्या कॅसेटचा रेकॉर्डिंगचा खुंट आधी तोडला, म्हणजे चुकूनही वर काही लिहिलं जाणार नाही. मशीनची वायर कॅप्चर कार्डातून, म्हणजे चित्र संगणकात उतरवणाऱ्या यंत्रातून, संगणकाला जोडून ठेवली होती, कारण जुनी टेप पहिल्या वेळी जेवढी चालते तेवढी दुसऱ्या वेळी चालेलच असं नसतं. पहिल्याच वेळी उतरवून घ्यायचं.

सुरुवातीला मुंग्या, मग आडव्या रेघा. ट्रॅकिंग थोडं फिरवलं. मांडव दिसला, हॅलोजनच्या उजेडात पिवळे झालेले चेहरे, पाटावर नवरी. कॅमेरा डावीकडे सरकला आणि डोक्यावर पदर घेतलेली एक बाई मान खाली घालून गायला लागली. ताई खुर्चीतून उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या.

"हाऊ मनी मायना आवाज शे," त्या म्हणाल्या.

गाणं संपलं तेव्हा त्यांनी परत लावायला सांगितलं. मी कॅसेटला हात लावला नाही, ती पुढे चालूच होती आणि अजून पाऊण तास उतरवून घ्यायची होती. ती संपल्यावर संगणकावरून तोच तुकडा लावला. त्यांनी पाच वेळा ऐकला आणि सहाव्या वेळी बरोबर म्हणायला लागल्या.